चार हजार वेढे

कारखान्यातल्या बायकांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. आता साठीला दोनच वर्षं कमी होती, डावा गुडघा उठता-बसता कुरकुरत होता, तरी ते नाव काही तिच्या अंगावरून उतरलं नव्हतं. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! जेवतानाही तिचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा आणि समोर बसलेल्या नवऱ्याच्या पेल्यातलं पाणी त्या तालावर डुचमळत असायचं.

गंमत अशी, की हीच बाई बत्तीस वर्षं एका स्टुलावर बसून विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळत आली होती. त्या वेळी अंगातली सगळी चुळबुळ कुठे दडी मारून बसायची कोण जाणे. तार बोटांत आली की भिंगरी थांबायची. मग फक्त उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या चिमटीतून केसासारखी तार सोडायची आणि मनात मोजत राहायचं.

मग हाताने गुंडाळायचा विभागच बंद झाला. निरोपाचं भाषण, एक शाल, एक घड्याळ आणि फोरमनने हळूच पिशवीत टाकलेलं बारीक तारेचं एक रीळ, एवढं घेऊन ती घरी आली. पहिल्या दोन महिन्यांत तिने घरातला पंखा उघडला, मिक्सर उघडला, निरोपाला मिळालेलं घड्याळही उघडलं. सगळं पुन्हा नीट जोडलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण न बिघडलेल्या वस्तूंना बरं करायचा हा सपाटा बघून नवऱ्याने आपला रेडिओ कपाटात, लोकरी कपड्यांच्या खाली लपवून ठेवला.

नवरा ग्रंथपाल होता. उभा जन्म ‘शांतता राखा’ या पाटीखाली काढलेला माणूस. तो भांडायचा नाही, ओरडायचा नाही, दारही असं लावायचा की लागलं की नाही ते बघायला जावं लागे. अशा माणसाशी संसार करणं सोपं असतं असं लोक म्हणायचे. भिंगरीला विचाराल तर ती म्हणाली असती, सोपं कसलं, याला काय हवंय ते ओळखून ओळखून डोक्याचा भुगा होतो.

शेवटी तिला सापडली ती मोटारसायकल. म्हणजे साधी सायकलच, पण दांड्यांच्या त्रिकोणात दुधाच्या किटलीएवढं इंजिन बसवलेली. दोन पायडल मारायचे, क्लच सोडायचा, की फडफडत निघायची. गुडघ्याला त्रास नाही आणि कुणाला ‘जरा सोडता का’ म्हणायला नको. सकाळी सात वाजता भिंगरी त्या सायकलवर बसायची आणि नदीकाठचा रस्ता, जुन्या मैत्रिणी, सुट्या भागांचा बाजार असं फिरून दुपारी घरी यायची ती गालांवर रंग घेऊनच. बाईचा जीव त्या सायकलीत अडकला होता, त्यात अतिशयोक्ती नाही. ती नसती तर चार भिंतींत हिने स्वतःलाच उघडून बसायला कमी केलं नसतं.

घोडं अडायचं ते पुलाच्या चढावर. सपाट रस्त्यावर इंजिन गात जायचं, पण चढ लागला, वेग कमी झाला, की दोन-चार उचक्या देऊन मरायचं. दोन आठवड्यांपूर्वी ते ऐन चढावर मेलं, सायकल मागे घसरली आणि भिंगरी एका मोटारीच्या नाकाडावर जाऊन बसली. लागलं फारसं नाही. पण बातमी लेकीपर्यंत पोचली.

लेक शाळेत मुख्याध्यापिका. बोलली की घंटा झाल्यासारखं सगळे गप्प.

“आई, पुरे झालं हं आता. रविवारी चार वाजता मी येतेय. माझ्यासमोर एका दमात पूल चढून दाखव. चढलीस तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही चढलीस, तर सायकल भंगारात. कबूल?”

“कबूल,” भिंगरी म्हणाली, कारण समोर लेक होती आणि माघार घ्यायची सवय दोघींनाही नव्हती.

इंजिन का मरतं हे तिला ठाऊक होतं. ठिणगी मवाळ होती. चाक जोरात फिरतं तोवर कशीबशी भागायची, वेग उतरला की पेट्रोल पेटवायची ताकदच तिच्यात उरायची नाही. शनिवारी तिने बाजारातून नवा प्लग आणला, त्याची नवी जाड वायर आणली, रबरी टोपी आणली, आणि ठिणगी नेमक्या क्षणाला सोडणारी ती काळी डबीही नवी आणली. संध्याकाळपर्यंत सगळं बसवून तिने प्लग बाहेर काढून इंजिनावर टेकवला आणि मागचं चाक गरकन फिरवलं.

ठिणगी पिवळी. मरतुकडी. पहिल्यापेक्षा बरी, पण चढ चढायची नव्हे.

“निळी हवी,” ती नवऱ्याला म्हणाली. “निळी आणि कडक. टच् असा आवाज यायला हवा.”

“मला तर चांगली दिसली,” तो म्हणाला.

“तुम्हाला मेणबत्तीही चांगली दिसते!”

रविवारी सकाळी तिने इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलं, आतली मॅग्नेटोची कॉइल काढली, म्हणजे सगळ्या विजेचा जिथे उगम ती गुंडाळी. वरची पट्टी सोलून बघितली आणि तिचं रक्तच उकळलं. कुठल्या तरी घाईच्या यंत्राने भसाभस गुंडाळलेली, थरांत पोकळ्या, आणि वेढेही कमी. बत्तीस वर्षं जिने एक वेढा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिच्या स्वतःच्या सायकलीत हे असं गबाळं काम! डब्या बदलून काय होणार होतं?

याच सुमारास नवरा दारात येऊन म्हणाला होता, “आज खांदा जरा धरल्यासारखा झालाय.”

“उशी बदला,” भिंगरी म्हणाली. तिच्या दातांत स्क्रूड्रायव्हर होता.

कॉइल पुन्हा गुंडाळायची. चार हजार वेढे. फोरमनने दिलेलं रीळ होतं, नेमकं एका कॉइलीपुरतं. कपाटावरून तिने हाताने फिरवायचं जुनं यंत्र उतरवलं आणि जेवणाच्या टेबलाला, खिडकीकडच्या टोकाला, शिकंज्याने आवळलं. आकडे दाखवणारी त्याची चकती केव्हाच अडकली होती. चालू असती तरी भिंगरीने तिच्यावर विश्वास ठेवला नसता. तिची मोजायची पद्धत एकच होती. डावीकडच्या बशीत चाळीस बटणं, उजवीकडची बशी रिकामी. शंभर वेढे झाले की एक बटण करंगळीने इकडून तिकडे सरकवायचं. मिनिटाला ऐंशी वेढे. बत्तीस वर्षांत हा वेग कमी झाला नव्हता की वाढला नव्हता.

बारीक तारेचा एक कायदा असतो. मध्ये थांबायचं नाही. थांबलात की ताण सुटतो, वरचा थर घसरतो, आणि मोजणी चुकली तर सगळं उलगडून टाकावं लागतं. म्हणून कारखान्यात गुंडाळणाऱ्या बाईशी कुणी बोलायचं नाही. काम असेल तर टेबलावर एकदा टकटक करायची आणि उभं राहायचं. बाईने मान हलवली की समजायचं, थांबा, संपू दे. आग लागली तरी आधी टकटक, असं बायका हसून म्हणायच्या.

हा कायदा घरातही आला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती कारखान्याचं जास्तीचं काम घरी घेऊन बसली असताना नवऱ्याने मागून प्रेमाने विचारलं होतं, “चहा टाकू का?” सहा हजारांची मोजणी पाच हजार नऊशेवर सुटली. भिंगरी त्या दिवशी इतकी ओरडली आणि मग इतकी रडली, की त्या मवाळ माणसाने आयुष्यभराचा धडा घेतला. तेव्हापासून तो टेबलावर एकदा बोट वाजवायचा आणि खुर्ची ओढून बसायचा. पुस्तकाची पानं चाळत तास तास बसायचा. थांबणं हा त्याच्या हातचा मळ होता.

दीड वाजता तिने दांड्याला हात घातला. गुंडाळायला पाऊण तासाहून थोडं जास्त, मग वार्निश, वाळवणं, बसवणं. चारच्या आत कसंबसं बसत होतं. खिडकीकडे तोंड, घराकडे पाठ. एक, दोन, तीन, चार. पहिल्या हजारात तिला लेकीचा चेहरा दिसत होता, आणि पुलाच्या टोकाशी उभी राहून वाट बघणारी तिची ती सरळ पाठ. दुसऱ्या हजारात तोही दिसेनासा झाला. बोटांना फक्त तार कळत होती. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. आतलं सगळं वादळ त्या दांड्याच्या फेऱ्यांत शिरून गेलं होतं.

चोविसावं बटण सरकलं आणि टेबलावर टकटक झाली.

एक. नेहमीसारखी. भिंगरीने मान हलवली. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि नंतर काही नाही. चहाचं असेल, तिला वाटलं. किंवा पेपरातलं कोडं. रविवारी त्याला कोड्यातला एक तरी शब्द अडायचाच.

दोन हजार पाचशे. दोन हजार सहाशे. मागून श्वासाचा आवाज येत होता, जरा जड, नाकातून. रुसलाय, ती मनात म्हणाली. रुसू दे. तीन वाजता चहा करू, चांगला आलं घालून करू. एकोणतीस बटणं. तीस. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. एकतीस. तिच्या पाठीला हलकीशी कळ लागली, तिने खांदे न हलवता ती सोसली.

चौतिसावं बटण सरकल्यावर पुन्हा टकटक झाली.

ही वेगळी होती. हलकी, जशी नखानेच केलेली. आणि मुळात दुसरी टकटक ही गोष्टच या घरात कधी झाली नव्हती. तीस वर्षांत एकदाही नाही. हे भिंगरीच्या लक्षात आलं, अगदी लख्ख लक्षात आलं. तीन हजार चारशे सहा, चारशे सात. टेबलाखालचा तिचा पाय थरथरला. मान वळवायला अर्धा क्षण पुरला असता. पण मान वळली की चिमटी सैल होणार, चिमटी सैल झाली की थर घसरणार, रीळ एकच, दुकानं बंद, आणि चार वाजता पुलावर लेक. चारशे अकरा, चारशे बारा. सहाशेच तर राहिले होते. सात-आठ मिनिटं. तिने पुन्हा मान हलवली, या वेळी जरा रागाने.



उरलेले वेढे तिने त्याच वेगाने घातले. मिनिटाला ऐंशी. घाई केली नाही, कारण घाई केली तर तार तुटते. चाळिसावं बटण सरकलं तेव्हा डावी बशी रिकामी झाली. तिने तारेचं टोक कापलं, पट्टीने बांधलं, गुंडाळीवरून अंगठा फिरवून बघितला. गुळगुळीत होती, कुठे पोकळी नाही, उंचवटा नाही. इतकी सुरेख कॉइल तिने कारखान्यातही क्वचितच केली असेल.

“हं, बोला आता,” ती म्हणाली. “काय एवढं अडलं होतं?”

आणि वळली.

नवरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. सदऱ्याची कॉलर घामाने चिकटली होती. चेहरा जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला होता. एक हात छातीवर होता, दुसरा टेबलावर, बोटं अर्धवट मिटलेली. त्याने तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

“झाले सगळे?” त्याने विचारलं.

“अहो! काय होतंय तुम्हाला?”

“छाती... जड झालीय. हातात कळ येतेय.”

“मग ओरडायचं नाही का? अहो, हाक मारायची ना!”

“तू मोजत होतीस,” तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, भिंगरी खरोखरच एका जागी थिजून उभी राहिली, आणि मग गुडघ्याची पर्वा न करता जिना उतरत सुटली. खालच्या टेम्पोवाल्याच्या दारावर तिने दोन्ही मुठी आपटल्या. तो झोपेतून उठून बाहेर आला, तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता किल्ली घ्यायला आत पळाला. दोघांनी मिळून ग्रंथपालांना खाली आणलं. टेम्पोच्या पुढच्या बाकावर तो मध्ये बसला, ती त्याच्या कडेला, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन.

“काकू, घाबरू नका, पोचतोच आपण,” टेम्पोवाला म्हणाला.

“जोरात घ्या हो, भाऊ. जोरात घ्या!”

रस्त्यातच तिने लेकीला फोन केला. इकडे येऊ नकोस, थेट दवाखान्यात ये, बाबांना घेऊन चाललेय. लेकीने एकच विचारलं, श्वास चालू आहे ना, आणि फोन ठेवला. पुलाचा चढ कधी आला आणि कधी गेला, भिंगरीला कळलंही नाही. ती त्याच्या छातीवर हात ठेवून होती आणि ओठ हलवत होती. टेम्पोवाल्याला वाटलं देवाचं नाव घेतेय. ती ठोके मोजत होती. पंचाऐंशीवर चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकली. मग मोजायचं सोडून दिलं आणि नुसतीच “अहो, अहो” म्हणत राहिली.

दवाखान्यात चाकांच्या खाटेवर घालून त्याला आत नेलं. छातीला वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला. लेक भिंगरीच्या आधीच पोचली होती, शाळेत असते तशीच ताठ उभी होती, फक्त तिच्या हातातली पर्स उघडी होती आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. तरुण डॉक्टरीणबाई कागदाची लांब पट्टी डोळ्यांसमोर धरून आल्या.

“हृदयविकाराचा झटका आहे,” त्या म्हणाल्या. “दुखायला केव्हा लागलं? नेमकं सांगा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.”

खाटेवरून नवऱ्याने भिंगरीकडे बघितलं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, तो त्याने जरा बाजूला सरकवला.

“आत्ताच,” तो म्हणाला. “निघायच्या जरा आधी. लगेच निघालो आम्ही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं.

भिंगरीला कळलं तो काय करतोय ते. आयुष्यात क्वचितच खोटं बोललेला माणूस, घामाने निथळत, एक एक शब्द मोजून खोटं बोलत होता, लेक ऐकतेय म्हणून. गप्प बसली असती तर झाकलं गेलं असतं. लेकीने सायकल भंगारात टाकली असती फार तर, पण हे तिला कधी कळलं नसतं. भिंगरीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला, पुन्हा पहिल्यावर टाकला.

“नाही,” ती म्हणाली. “बरोबर दोन वाजता लागलं. आम्ही घरून निघालो त्याच्या वीस मिनिटं आधी. सकाळी दहाला खांदा दुखतोय असंही म्हणाले होते. मी लक्ष दिलं नाही.”

“अगं...” नवरा म्हणाला.

“तुम्ही बोलू नका. मुखवटा लावा आधी.”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, कागदावर दोन वाजले असं लिहिलं, त्याखाली खांद्याचंही लिहिलं. “बरं झालं सांगितलंत. अजून वेळ आहे,” त्या म्हणाल्या आणि मागे वळून परिचारिकेला इंजेक्शनचं नाव सांगितलं. खाट हलली. नवऱ्याने मुखवट्याआडून भिंगरीकडे बघत मान हलवली, आणि दारं त्याच्यामागे मिटली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये दोघीच उरल्या. भिंगरी भिंतीपासून खिडकीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. बोटांच्या चिमटीत तारेचा चरा उमटला होता, तो ती चोळत होती.

“आई,” लेक म्हणाली. “बाबांना दोन वाजता दुखायला लागलं. तुम्ही निघालात दोन वीसला. वीस मिनिटं तू काय करत होतीस?”

भिंगरी थांबली.

“मोजत होते,” ती म्हणाली.

लेक त्याच घरात वाढली होती. तिला पुढे काही विचारावं लागलं नाही.